घोड्याच्या शेपटीचं विणकाम

पाक जीवॉन हा अठराव्या शतकातला कोरियन लेखक. 1780 साली चीनला निघालेल्या शिष्टमंडळासोबत तो गेला आणि परतल्यावर त्याने जे भलंमोठं प्रवासवर्णन लिहिलं, त्यात हॉ सेंग नावाच्या एका दरिद्री पंडिताची गोष्ट येते. बायकोच्या टोमण्यांनी बेजार झालेला हा पंडित एक दिवस पोथ्या मिटतो, राजधानीतल्या एका श्रीमंताकडून मोठं कर्ज उचलतो आणि बाजारातली झाडून सगळी फळं विकत घेतो. श्राद्धाला आणि मेजवानीला देशात फळ मिळेनासं होतं, भाव दसपट चढतात. मग हा गडी दक्षिणेच्या जेजू बेटावर जातो आणि तिथे मिळतील तेवढे घोड्याचे केस गोळा करतो. थोड्याच काळात देशभर पुरुषांच्या डोक्याला बांधायच्या जाळीदार पट्टीचे भाव असेच आभाळाला भिडतात.

पाक जीवॉनला टवाळी करायची होती ती देशाच्या किडक्या अर्थव्यवस्थेची. एका माणसाने साठेबाजी केली की कोलमडावी, इतका तिचा जीव लहान. पण साठेबाजीसाठी त्याने निवडलेला माल बघा: फळं आणि घोड्याचे केस. एकावाचून पितर उपाशी राहतात, दुसऱ्यावाचून जिवंत माणसाला चारचौघांत तोंड दाखवता येत नाही. वाचकांना हे वेगळं समजावून सांगायची त्याला गरज पडली नाही.

जोसन राजवटीत (1392 ते 1910) मोठा झालेला पुरुष केस कापत नसे. ते वर ओढून टाळूवर घट्ट गाठ बांधायची, तिला सांगथू म्हणत. सुटलेल्या बटा आवरायला कपाळाभोवती घोड्याच्या केसांची जाळीदार पट्टी, ती मांगॉन. तिच्या दोरीच्या छोट्या कड्या सोन्याच्या आहेत की जेडच्या, यावरून माणसाचा दर्जा ओळखायचा. प्रतिष्ठित घरातला पुरुष मांगॉनवर तांगॉन ही बैठी टोपी घाली आणि बाहेर पडताना त्यावर गात, म्हणजे रुंद काठाची ती काळी, आरपार दिसणारी टोपी. घरात बसून वाचणाऱ्या विद्वानांसाठी चौकोनी माथ्याची साबांगग्वान वेगळीच. म्हणजे टोपीखाली टोपी, तिच्याखाली पट्टी, आणि या सगळ्यात घोड्याच्या शेपटीचा आणि आयाळीचा केस.

केसच का, तर तो ताठ असतो, वाकवला तरी पूर्ववत होतो, घामाने सहजी कुजत नाही आणि त्याच्या जाळीतून वारा खेळतो. सारंगीच्या गजाला जो केस लावतात तोच हा. दमट उन्हाळ्यात डोक्यावर दोन-तीन थर वागवायचे, तर याहून सोयीचा धागा शोधूनही सापडला नसता.

या केसाचं वेड कोरियाच्या हद्दीत राहिलं नाही. पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात पेकिंगमध्ये घोड्याच्या केसांचे घागरे घालायची टूम निघाली होती. मिंग दरबारातल्या एका अधिकाऱ्याने लिहून ठेवलंय की हा माल मुळात कोरियातून आला. मग तिथलेच विणकर तो बनवू लागले. वरचा झगा छत्रीसारखा फुललेला दिसावा म्हणून मोठमोठे अधिकारी ते आतून नेसत. शेवटी सरकारी तबेल्यांतल्या घोड्यांच्या शेपट्या चोरीला जाऊ लागल्या, तेव्हा दरबाराने बंदी घातली. फॅशनपायी घोडे बोडके झाल्याची दुसरी नोंद माझ्या तरी वाचनात नाही.

जेजूवर घोड्यांची मोठी पैदास सुरू झाली ती मंगोलांमुळे. 1276 मध्ये युआन साम्राज्याने तिथे 160 घोडे आणून कुरणं उभारली आणि पुढची कित्येक शतकं राज्याला घोडे पुरवणं हे बेटाचं कामच होऊन बसलं. माणूस जन्मला तर त्याला राजधानीत पाठवा आणि घोडा जन्मला तर जेजूला, अशी कोरियन म्हणच आहे. जमीन ज्वालामुखीची, खडकाळ. भातशेती जवळपास नाही. बायका समुद्रात बुड्या मारून शिंपले काढत, हे आता जगाला ठाऊक झालंय. पण याच बेटावरच्या पुष्कळ घरांत रोकड यायची ती टोप्यांमधून. उत्तर किनाऱ्यावरच्या ह्वाबुक, साम्यांग, जोचॉन या गावांत मुली लहानपणापासून विणायला बसत. एखाद्या घरी सगळ्याजणी जमायच्या, गाणी म्हणत विणायच्या. मांगॉनची गाणी निराळी, गातच्या बांबूच्या काठाची निराळी. लोकगीतांचा अभ्यास करणाऱ्यांनी ती जमवून ठेवली आहेत.

तांगॉन कसा होतो ते जरा जवळून पाहू. केस धुऊन, लांबी आणि जाडी बघून निवडायचे. लाकडाचा टोपीच्या आकाराचा साचा मांडीजवळ घ्यायचा आणि माथ्यापासून सुरुवात करून, उभ्या केसांत आडवा केस बारीक सुईने गुंफत, गोल गोल खाली यायचं. एकेरी वीण, दुहेरी वीण असे प्रकार आहेत. त्यातली मानाची वीण म्हणजे कोरियात खेळल्या जाणाऱ्या बादुक या पटासारखी चौकटी पडणारी: काही घरं भरीव, काही मोकळी. ही नक्षी रंगाची नाही, वरून भरतकामही नाही. केस कुठे दाट बसवला आणि कुठे विरळ, एवढ्यावरच ती उमटते. एक घर चुकलं तर पुढची सगळी रांग सरकते. विणून झाली की टोपी साच्यावर असतानाच काळी शाई लावून उकळत्या पाण्यात घालायची. उष्णता आणि पाणी मिळालं की केस तो आकार धरतो आणि सुकल्यावर सोडत नाही. साचा काढून घेतला तरी टोपी उभीच्या उभी.

गातची तऱ्हा याहून गुंतागुंतीची. त्याचं टोपरं केसांचं; काठ मात्र बांबूचा, आणि तोही केसाइतका बारीक चिरलेला. हे दोन भाग वेगवेगळे हात बनवत आणि जोडकाम तिसरीकडे होई. दक्षिण किनाऱ्यावरचं थोंगयॉंग हे त्यासाठी नावाजलेलं. काठ कधी खांद्याबाहेर जाई, कधी तळहाताएवढा होई. एकोणिसाव्या शतकात राज्याचा खरा कारभारी असलेल्या ह्युंगसॉन देवॉनगुनने तर काठ लहान करण्याचं फर्मानच काढलं होतं.

मग 1895 चं वर्ष उजाडलं. जपानच्या दबावाखालच्या सुधारणावादी मंत्रिमंडळाने वर्षाच्या अखेरीस हुकूम काढला की पुरुषांनी शेंडीगाठ कापावी. राजा कोजोंगने आधी स्वतःचे केस कापून घेतले. आईबापांनी दिलेलं शरीर, त्यातला केसही कापायचा नाही, अशा संस्कारात वाढलेल्या समाजात आगडोंब उसळला. ठिकठिकाणी सशस्त्र उठाव झाले. टोपी विणणाऱ्या बायकांच्या बाजूने मात्र कोणी बंड केलं नाही. गाठ गेली की मांगॉनचं काम संपलं, मांगॉन गेला की तांगॉन कशावर बसवणार? एका हुकमाने हा धंदा एका दिवसात बुडाला असं नाही. म्हातारी माणसं पुढची कित्येक वर्षं गात घालून हिंडत होती. पण नवं गिऱ्हाईक जन्माला यायचं थांबलं, आणि हस्तकला मरते ती अशीच.

1960 च्या आसपास ये योंगहे नावाचा एक पत्रकार देशभर फिरून म्हाताऱ्या कारागिरांवर वर्तमानपत्रात लेखमाला लिहीत होता. युद्धाने उद्ध्वस्त झालेल्या देशात तेव्हा कारखाने उभारायची घाई होती. गातच्या कारागिराकडे जाऊन तू नक्की काय करतोस, हे विचारायला फुरसत कुणाला? त्याने विचारलं आणि लिहून घेतलं. ‘मानवी सांस्कृतिक ठेवा’ हा तिथे आज सर्रास वापरला जाणारा शब्दप्रयोग त्याच्याच लेखमालेने रुजवला. 1962 मध्ये वारसा-संरक्षणाचा कायदा झाला आणि 1964 च्या डिसेंबरमध्ये जाहीर झालेल्या अगदी पहिल्या अमूर्त वारशांत गात बनवण्याच्या कलेला चौथा क्रमांक मिळाला. मांगॉन आणि तांगॉनला 1980 पर्यंत थांबावं लागलं.

सरकारमान्य कारागिरांची यादी पाहिली की एक गोष्ट डोळ्यांत भरते. गातचं केसांचं टोपरं विणणाऱ्या जेजूच्या किम इन, त्यांच्यानंतर त्यांची मुलगी कांग सुनजा. मांगॉनच्या ई सुयॉ, त्यांच्यानंतर मुलगी कांग जॉनह्यांग. बांबूच्या काठाच्या को जॉंगसेंग, त्यांच्यानंतर मुलगी चांग सुनजा. आयुष्यभर पुरुषांच्या डोक्यावरची इभ्रत विणली ती बायकांनी, आणि ही विद्या टिकली तीही आईकडून लेकीकडे. बाहेरच्या कुणाला शिकावंसं वाटेल अशी त्यात कमाईच उरली नव्हती.

सरकारी संरक्षणाबद्दल नाक मुरडायची एक फॅशन आहे: कला काचेच्या पेटीत ठेवली, तिचा श्वास कोंडला वगैरे. मला ते अर्धंच पटतं. कोरियाच्या जुन्या कायद्यात ‘मूळ रूप जसंच्या तसं’ राखण्याचं कलम होतं. त्यामुळे कारागीर बदलाला कचरत हे खरं. पण त्या हट्टापायीच साचे, सुया, विणीचे प्रकार आणि त्यांची नावं शिल्लक राहिली. पुढे 2016 मध्ये अमूर्त वारशाचा स्वतंत्र कायदा अमलात आला आणि जसंच्या तसं रूप राखण्याऐवजी त्या कलेचा गाभा राखावा, असं धोरण ठरलं. मधल्या पन्नास वर्षांत मूळ रूप कुणी सांभाळलंच नसतं, तर हा गाभा शोधायचा कुठे?

इथे जॉंग दाहे या तरुणीची गोष्ट येते. ती जेजूचीच, पण टोपी विणणाऱ्या घरातली नव्हे. ती आधी शिल्पकला शिकली आणि नंतर पारंपरिक हस्तकलांच्या अभ्यासाकडे वळली. तिने साबांगग्वानसारख्या जुन्या टोप्यांची वीण अभ्यासली. संग्रहालयातली वस्तू हातात घेऊन उसवून पाहता येत नाही. डोळ्यांनी केस मोजायचे, विणून पाहायचं आणि पुन्हा उसवायचं, हाच अशा अभ्यासाचा मार्ग. नक्षी कागदावर उतरवणं सोपं आहे. ती केसात उतरवताना केस किती ताण सोसतो, हे बोटांनाच कळतं.

मग तिने एकच गोष्ट बदलली: साचा. डोक्याच्या आकाराच्या लाकडाऐवजी भांड्याच्या आकाराचा साचा घेतला. बाकी केस तोच, सुई तीच, आकार पक्का करायची रीतही जुनीच. आकार तिने कोरियातल्या नवाश्मयुगीन मडक्यांवरून घेतला. फणी ओढल्यासारख्या रेषांची ती मडकी तिथल्या शाळकरी पोरांनाही ठाऊक असतात. मातीची जड वस्तू केसांच्या जाळीत विणली की तिची नुसती आकृती उरते, वजन कुठेच नाही.

या मालिकेतल्या कामाला 2021 मध्ये छॉंगजूच्या हस्तकला द्वैवार्षिकातल्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेचं सर्वोच्च पारितोषिक मिळालं. पुढच्याच वर्षी लोएवे या स्पॅनिश कंपनीच्या संस्थेचा हस्तकला पुरस्कारही तिलाच मिळाला. तीन हजारांहून अधिक कामांतून तीस निवडली गेली, ती सोलच्या नव्या हस्तकला संग्रहालयात मांडली गेली आणि 50,000 युरोंचा पुरस्कार ‘प्रामाणिकपणाचा काळ’ अशा काहीशा नावाच्या या केसांच्या टोपलीला मिळाला. जगभरच्या कला-मासिकांत घोड्याचा केस झळकला.

डिझाइन म्हटलं की आपल्याला नवा पदार्थ, नवं यंत्र, नवा रंग आठवतो. इथे त्यातलं काही नाही. तिने केसाऐवजी नायलॉन वापरला असता तर काम झपाट्याने झालं असतं. पण जाळीला तो ताठ, किंचित खरखरीत पोत आला नसता. काय हात न लावता सोडायचं हे तिला कळलं, आणि ते कळायला आधी ती वीण पुरती शिकावी लागली. आपल्याकडे डिझाइनचे विद्यार्थी पंधरा दिवस कारागिराकडे जातात आणि परत येताना ‘नवं कलेक्शन’ घेऊन येतात, त्यांच्या शिक्षकांनी हे उदाहरण जरूर वर्गात मांडावं.

तरीही टोपलीबद्दल माझी एक तक्रार आहे. ती पाहायची वस्तू आहे. तिच्यात काही ठेवायचं कुणाच्या मनात येणार नाही. तांगॉन सुंदर होता, पण तो डोक्यावर राबत होता. 2024 मध्ये लोएवेने मिलानमध्ये चोवीस कलावंतांकडून दिवे करून घेतले, त्यांत दाहेही होती. घोड्याच्या केसांच्या जाळीतून प्रकाश जाणार, ही कल्पना मला टोपलीपेक्षा जास्त पटली. वारा जाऊ द्यायचा पण आकार सोडायचा नाही, हा जो या केसाचा जुना धर्म, त्याला तिथे पुन्हा काम मिळालं. अर्थात तोही दिवा काही शेकडोंनी विकला जाणार नाही.

दरम्यान गातचं नशीब भलत्याच वाटेने उघडलं. 2019 मध्ये नेटफ्लिक्सवर ‘किंगडम’ ही झोंबींची ऐतिहासिक मालिका आली आणि झोंबींइतकीच चर्चा झाली ती पात्रांच्या टोप्यांची. 2025 मध्ये ‘केपॉप डेमन हंटर्स’ या ॲनिमेशनपटातली राक्षसांची टोळी काळे गात घालून नाचली आणि मुलांनी गातच्या आकाराच्या किचेनवर उड्या टाकल्या. किचेन प्लास्टिकची. त्यातला एक पैसाही विणणाऱ्या बाईपर्यंत पोचत नाही, असं म्हणून सुस्कारा टाकता येईल. मी टाकणार नाही. जोचॉनमध्ये 2009 पासून गातचं प्रदर्शनगृह आहे. तिथे येणाऱ्या मुलाला निदान आपण काय बघतोय हे आता माहीत असतं, आणि तो विचारणार हे नक्की, की हे खरंच घोड्याचे केस आहेत का.