खांबावरून टेबलावर

मणक्याला मार बसून कंबरेखालचं अंग गेलेल्या माणसाला भेटायला येणारा प्रत्येकजण पायांचं विचारतो. "चालायला कधी लागणार?" कामावर परत जायचं असेल तर हा प्रश्न फार पुढचा आहे. आधी लघवी, मग ढुंगणाखालची उशी, मग संडासाचं दार. पाय चौथे. चारचौघांत बोलायला बरं वाटत नाही म्हणून हे कुणी सांगत नाही आणि धडधाकट हातांची माणसं घरी पडून राहतात.

मी वायरमन, सांगली जिल्ह्यातला. पावसाळ्यात दोन तारा जोडणारा झंपर बांधताना खांबावरून खाली आलो आणि पाठीच्या बाराव्या, म्हणजे डी-12 मणक्याशी मज्जारज्जू चेंगरला. मेंदूकडून खाली येणारी मेन केबल म्हणजे मज्जारज्जू. ती जिथं तुटते तिथून खालचं सगळं बंद. मानेत तुटली तर हातही जातात. माझी खाली तुटली, म्हणून हात आणि छाती शाबूत राहिली. आपल्याकडं असे रुग्ण येतात ते मुख्यतः उंचावरून पडलेले, नाहीतर रस्त्यावर आपटलेले, म्हणजे बहुतेक कमावत्या वयाचे. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबानं जगात दीड कोटीहून जास्त माणसं अशी दुखापत घेऊन जगतात. त्यांतल्या प्रौढांपैकी साठ टक्क्यांहून जास्त लोकांना काम नाही, असंही ती सांगते.

आता लघवीचं. मूत्राशय भरलं तरी कळत नाही. वेळेवर रिकामं झालं नाही तर कपडे भिजतात, पण त्याहून वाईट म्हणजे दाब उलटा मूत्रपिंडांवर येतो आणि ती खराब होतात. म्हणून दर चार ते सहा तासांनी हात स्वच्छ धुऊन बारीक नळी स्वतःच आत घालायची, लघवी काढायची, नळी बाहेर. माझं दिवसाचं वेळापत्रक सकाळी सात, अकरा, दुपारी तीन, संध्याकाळी सात. यातले दोन ठोके ऑफिसात पडतात. पाणीही त्या बेतानं प्यायचं. संडासाची वेळ रोज पहाटे, ठरलेली, आणि त्याला तासभर धरायचा. हे एकदा बसलं की दहाची ड्यूटी जमते. बसलं नाही तर कलेक्टरची खुर्ची दिली तरी उपयोग नाही.

मग कातडी. बसून बसून हाडाखालचं मांस दबतं, रक्त पोचत नाही, आणि दुखत नसल्यामुळं माणूस हलत नाही. जखम होते, तिला आम्ही बेडसोर म्हणतो. एक बेडसोर चिघळला की महिनोन्‌महिने पालथं पडून राहायचं, रजा संपते, पगार थांबतो. म्हणून चांगली उशी हवीच, आणि दर पंधरा-वीस मिनिटांनी चाकाच्या खुर्चीचे हात धरून अंग वर उचलायचं किंवा पुढं वाकायचं. नवीन आलेल्या इंजिनिअरला वाटलं मी व्यायाम करतोय. रात्री आरशात पाठ आणि बैठक बघायची. गरम चहाचा ग्लास मांडीवर ठेवायचा नाही, हेही शिकावं लागतं. फोड आलेला संध्याकाळी दिसतो.

तिसरं दार. आमच्या ऑफिसच्या संडासाचं दार दोन फुटांचं आणि खुर्ची त्याहून रुंद. ते तीन फुटांचं करून बाहेर उघडणारं बसवलं, त्याला फार खर्च आला नाही. मनस्ताप रॅम्पनं दिला. नियम असा की एक फूट चढायला बारा फूट लांबी हवी. आमच्या पायऱ्या दीड फुटाच्या, म्हणजे अठरा फूट. ठेकेदारानं सहा फुटांत उरकला. वर दोघांना ढकलावं लागे, उतरताना देवाचं नाव. पुढं तो फोडून वळण घेऊन नवा केला. कागदावर 'रॅम्प उपलब्ध' असं लिहिलेल्या किती इमारतींत टेप लावून बघितलं जातं, कुणास ठाऊक.

कामावर परतण्याची खरी सुरुवात मात्र वॉर्डातच झाली. आधी बरं व्हा, कामाचं नंतर बघू, अशी सगळ्यांची समजूत असते. पण घरी पडून राहिलेल्या माणसाला वर्षभरानं उठवणं अवघड. अमेरिकेत माजी सैनिकांच्या इस्पितळांत काम शोधून देणारा माणूस उपचार करणाऱ्यांच्याच पथकात बसवून बघितला, तेव्हा नेहमीच्या पद्धतीपेक्षा जास्त जण नोकरीला लागले. माझ्याबाबतीत हे काम ऑक्युपेशनल थेरपीच्या मॅडमनी केलं. वही हातात दिली आणि म्हणाल्या, "ड्यूटीवर दिवसभर काय काय करत होता ते लिहून काढा. 'खांबावर चढतो' एवढंच लिहू नका."

लिहीत गेलो. खांबावर चढणं, फ्यूज टाकणं, तारांवर आलेल्या फांद्या तोडणं, तक्रारी घेणं, कुठल्या डीपीवरून कुठली वस्ती चालते ते ध्यानात ठेवणं, लाईनवर माणूस असताना फीडर चालू होणार नाही याची खात्री करणं, नव्या पोरांना शिकवणं, मीटरची नोंद, थकबाकीची यादी. मॅडमनी पाय लागतात त्या ओळींवर काट मारली. अर्ध्याहून जास्त वही शिल्लक राहिली.

त्याच मॅडमनी डॉ. मेरी व्हर्गिस यांचं सांगितलं. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजातल्या या डॉक्टर 1954 साली अपघातात कंबरेखाली लुळ्या झाल्या. शस्त्रक्रिया तर उभं राहून करायची. पण कुष्ठरोग्यांच्या हातांवरची शस्त्रक्रिया बसून करता येते. तिथल्याच डॉ. पॉल ब्रँड यांच्याबरोबर त्यांनी चाकाच्या खुर्चीतून ती केली. पुढं परदेशात पुनर्वसनाचं शास्त्र शिकून आल्या आणि वेल्लोरला त्या विषयाचा विभाग उभा केला. म्हणजे त्यांनीही आपल्या कामाच्या यादीवर काट मारून उरलेलं बघितलं होतं.

आमच्या जिल्ह्याचे मुरलीकांत पेटकर सगळ्यांना ठाऊक आहेत. 1965 च्या युद्धात गोळ्या लागल्या, 1972 ला हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये पोहण्यात सुवर्णपदक. त्यांनी पुण्यात टेल्कोत नोकरीही केली, हे फारसं कुणी सांगत नाही. मला तर पदकापेक्षा ते सोमवारी सकाळी कारखान्यात कसे पोचत, हेच विचारायचंय.

कायदा ज्यांना लागू आहे त्यांच्या बाजूनं पक्का आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा 2016 चा, अमलात आला एप्रिल 2017 मध्ये. त्याचं कलम 20 पोटकलम 4 सांगतं की सरकारी आस्थापनेत नोकरीत असताना अपंगत्व आलं तर कर्मचाऱ्याला काढता येत नाही, खालच्या पदावरही ढकलता येत नाही. जुनं काम जमत नसेल तर त्याच पगारावर, त्याच सवलतींसह दुसरं पद. तसं पद रिकामं नसेल तर अधिसंख्य, म्हणजे जादा निर्माण केलेलं पद, ते मिळेपर्यंत किंवा निवृत्तीपर्यंत. आधीच्या 1995 च्या कायद्यातही कलम 47 हेच सांगत होतं. तरी माझ्यासाठी एका साहेबांनी स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज टाइप करूनच आणला होता. "कशाला हाल करून घेता? सहीच करायचीय," म्हणाले. आईलाही ते पटत होतं. "घरी बस लेकरा, पेन्शन येईल." मी सही केली नाही. अपंगत्वाचा दाखला काढला, कलमाचा आकडा घालून अर्ज दिला आणि पोचपावती घेतली. पोचपावती घ्याच.

आता मी तक्रारींच्या फोनवर असतो. परवा रात्री वाऱ्यानं मळ्याकडची लाईन गेली. "अण्णा, अंधार झालाय बघा सगळीकडं." मी विचारलं, "विहिरीवरच्या मोटारीला लाईट आहे का?" "मोटार चालू आहे." मग वरची लाईन ठीक, ओढ्याकाठच्या चिंचेखालच्या खांबाशी गडबड. आधी फीडर बंद असल्याची खात्री केली, मग पोराला थेट तिकडं धाडलं. फांदी पडली होती. मी चढत होतो तेव्हा शोधत फिरायलाच तास जायचा.

पण त्याच खांबावर चढणाऱ्या कंत्राटी पोराला कलम 20 उपयोगाचं नाही. त्याला भरपाईच्या कायद्यानं, नाहीतर ईएसआयचा कामगार विमा असेल तर त्यातून, पैसे मिळतात. नोकरी मिळत नाही. काम एक, खांब एक, उंची एक, आणि पडल्यावर हा फरक. असा एक पोरगा सध्या आमच्याच जिल्ह्यात घरी आहे, कंबरेच्या पहिल्या, म्हणजे एल-1 मणक्याची दुखापत, वय पंचविशीच्या आत. ठेकेदार फोन उचलत नाही. मी गेलो तेव्हा आधी दाव्याचं विचारलं, कारण अपघातापासून दोन वर्षांच्या आत दावा लावावा लागतो. मग नळीच्या वेळा विचारल्या. मग वही दिली.

त्यानं लिहिलेल्या ओळींत मोटार रिवायंडिंग निघालं. जळालेल्या मोटारीच्या कॉइल काढून नवी तार भरायची, हे सगळं बसून होतं, आणि उसाच्या पट्ट्यात मोटारी जळायच्या थांबत नाहीत. राज्याच्या दिव्यांग वित्त व विकास महामंडळाकडं कर्जाचा अर्ज लिहायला घेतलाय. फक्त मोटार उचलून टेबलावर ठेवायला एक गडी लागेल. त्याचा पगार धरून एका मोटारीमागं किती सुटतात, तो हिशेब पोरगा मांडतोय.