पावरीचा सूर विजेच्या पेटींत

वाद्य नवें आलें कीं जुने कान त्यास सहसा लगेच दाद देत नाहींत. हार्मोनियमचेंच पाहा. तिच्या पट्ट्यांचे स्वर जागच्या जागीं बांधलेले; एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची, म्हणजे मींड घेण्याची, सोय तिच्यांत नाहीं. अशा आक्षेपांवरून ऑल इंडिया रेडिओनें १९४० सालीं तिला दार बंद केलें, आणि तें थोडें किलकिलें व्हावयास १९७१ साल उजाडावें लागलें. मधल्या काळांत भजनांतून आणि नाटकांतून ती वाजतच राहिली, हें आमच्या वाचकांस सांगावयास नकोच.

विजेच्या वाद्यांविषयीं असाच वाद आज चालू आहे. त्याचा कांहींसा उलगडा आम्हांस एखाद्या शहरी रंगमंदिरांत नव्हे, तर नंदुरबार तालुक्यांतील रनाळे ह्या गांवीं, एका लग्नाच्या वरातींत झाला. रोषणाईनें झगमगणारी बँडची गाडी, तीवर भोंग्यांची उतरंड, मध्यें कीबोर्ड घेऊन बसलेला एक तरुण आणि शेजारीं ऑक्टोपॅडवाला. ऑक्टोपॅड म्हणजे आठ चौकोनी गाद्यांचें वाद्य. काठी ज्या गादीवर पडेल, तिला नेमून दिलेला ढोल वा संबळ बोलतो. चाल सुरू झाली आणि आम्ही चकित झालों. त्या विजेच्या पेटींतून चक्क पावरी वाजत होती!

पावरी हें सातपुडा व डांग ह्या भागांतील आदिवासींचें वाद्य. वाळलेला भोपळा, त्यांत बसविलेल्या बांबूच्या नळ्या आणि टोकाशीं शिंगासारखें तोंड. वाजविणारा गाल फुगवून, सूर तुटूं न देतां फुंकत राहतो आणि त्याच्या भोंवतीं माणसें नाचतात. नव्या पेटींत खऱ्या वाद्याच्या स्वरांचे नमुने आंकड्यांच्या रूपानें सांठविलेले असतात. पट्टी दाबली कीं नमुना हव्या त्या उंचीवर वाजतो. डाव्या हाताशीं एक लहानसें चाक असतें. तें फिरविलें कीं वाजता स्वर चढतो किंवा उतरतो. म्हणजे हार्मोनियमला न साधलेली मींड येथें साधते. तो तरुण चाकाकडे न पाहतां सूर असा कांहीं वळवीत होता, कीं म्हाताऱ्यांचींहि पाउलें थिरकूं लागलीं. ह्या चाली आपण पुस्तकावरून नव्हे, लहानपणापासून ऐकून बसविल्या, असें त्यानें आम्हांस सांगितलें. यंत्र कारखान्यांतलें होतें. कान मात्र खानदेशचा होता.

हा प्रकार अगदींच नवा नव्हे. १९५४ सालच्या 'नागिन' चित्रपटांतील पुंगी पुष्कळांस अजून खरी वाटते. ती कल्याणजी वीरजी शाह ह्यांनीं क्लॅव्हिओलिन नांवाच्या विजेच्या वाद्यावर वाजविली होती. पुढें १९८२ सालीं मुंबईंत चरणजित सिंग ह्यांनीं सिंथेसायझर व तालयंत्र ह्यांवर दहा राग वाजवून त्यांची तबकडी काढली. तेव्हां तिच्याकडे फारसें कोणी पाहिलें नाहीं. २०१० सालीं ती परदेशांत पुन्हां निघाली आणि तिकडील रसिक थक्क झाले. म्हातारपणीं सिंग ह्यांनीं युरोपांत जाऊन तें संगीत प्रत्यक्ष वाजवून दाखविलें. २०१५ सालीं ते वारले. त्यांना श्रोते मिळावयास जवळजवळ तीस वर्षें लागलीं. रनाळ्याच्या तरुणास तीस क्षणहि लागले नाहींत, कारण त्याचा सूर नाचणाऱ्यांच्या ओळखीचा होता.

परंतु ह्या आनंदास एक खंत चिकटलेली आहे. पावरीवाला, ढोलवाला, संबळवाला आणि सनईवाला मिळून जें काम करीत, तें आतां दोघेजण करतात. बाकीच्यांच्या चुलीचें काय? शिवाय पेटींतला नमुना एकदां घेतला तसाच राहतो. नवी चाल ज्याच्या फुंकरींतून निघावयाची तो वादकच कामावांचून राहिला, तर पुढें नमुना घ्यावयाचा कोणाचा? आवाजाचें तर विचारूंच नये. भोंग्यांपुढें मांडवांतल्या बायकांचीं अहिराणी गाणीं आम्हांस ऐकूंहि आलीं नाहींत. २००० सालच्या नियमांनीं निवासी भागांत दिवसा ५५ डेसिबलची मर्यादा घातली आहे, आणि रात्रीं १० ते सकाळीं ६ पर्यंत भोंग्यांस सामान्यतः मनाई आहे. पण वरातीच्या भरांत हें आठवतो कोण?

आपल्या घरीं कार्य निघालें म्हणजे वाजंत्री ठरविण्याचें काम एखाद्या पुतण्यावर टाकून वडील मंडळी मोकळी होतात. तसें न करतां त्यांनीं स्वतः थोडें लक्ष घालावें. विजेची पेटी खुशाल बोलवावी, तिच्या भोंग्यांचे कान जरा पिळावे, आणि सनईचा किंवा पावरीचा एक खरा वादकहि सांगावा. वरात निघण्यापूर्वीं घटकाभर पेटी थांबवून त्यास एकट्याला वाजवूं द्यावें. घरांतल्या मुलांना मूळ सूर कळेल, आणि त्या वादकाच्या हातीं बिदागीहि पडेल.