नव्या वाघिणीला जुनेपण कसे आणावे?



उसाच्या पानावरचा तांबेरा कसा ओळखावा, हे आम्ही या पानांतून बरेचदा सांगितले आहे. आज मात्र तांबेरा मुद्दाम कसा आणावा, हे सांगणार आहोत. दचकू नका! हा तांबेरा उसावरचा नव्हे, खेळण्यातल्या मालगाडीवरचा आहे.

त्याचे असे झाले. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी एका सभासदाच्या नातवाने मालगाडीची वाघीण तयार केली. प्लायवूड, पुठ्ठा आणि वर तांबूस ऑइलपेंट. काम नेटके होते. त्याचे आजोबा तरुणपणी रेल्वेच्या मालधक्क्यावर साखरेची पोती भरत. तेव्हाचे पोते १०० किलोचे, आजच्यासारखे ५० किलोचे नव्हे. पोराने वाघीण त्यांच्यापुढे ठेवली. आबांनी ती फिरवून पाहिली आणि म्हणाले, "चांगली हाये. पण ही आमची वाघीण न्हाई. हिनं एक पोतं तरी व्हायलंय का?"

पोराचा चेहरा उतरला. आम्ही तेव्हा ऊसनोंदीसाठी त्यांच्या ओसरीवर बसलो होतो. म्हटले, बघू या तरी.

ही कला जगात नवी नाही. युरोप-अमेरिकेत छोट्या रेल्वेचे शौकीन नव्या डब्यांवर गंज, धूळ आणि पावसाचे ओघळ उतरवण्यात महिनेच्या महिने घालवतात. आपल्याकडेही पुण्यात कोथरूडला भाऊ जोशी यांनी उभारलेले छोट्या रेल्वेचे संग्रहालय १९९८ पासून लोकांना पाहायला मिळते. परदेशी शौकीन त्यासाठी तयार रंग आणि भुकट्या विकत घेतात. आपल्याला त्याची गरज नाही. लागणारे सारे सामान परसात आणि बांधावर आहे.

खरा गंज. रंगाने गंज काढण्यापेक्षा गंजच वापरावा. लोखंडी कीस किंवा लेथवरचा बारीक चुरा मिठाच्या पाण्यात भिजवून उघडा ठेवावा. स्टेनलेस स्टीलची घासणी चालत नाही. आठ-दहा दिवसांत तांबडा गंज चढतो. तो वाळवून, कुटून, धोतराच्या फडक्यातून गाळावा. कुटताना नाकाला रुमाल बांधावा. पातळ केलेल्या फेव्हिकॉलचा हात देऊन त्यावर ही पूड कुंचल्याने टेकवावी.

पोपडे. तांबूस रंग पुरता वाळला की पाण्याचा हात फिरवून खडे मीठ जागोजागी भुरभुरावे. वाळले की वरून स्प्रेचा ऑइलपेंट मारावा. पाण्याचा रंग वापरू नये, मीठ विरघळते. रंग सुकला की मीठ बोटाने चोळून काढावे. रंग उडाल्यासारखे डाग पडतात, आणि ते अगदी खरे वाटतात.

जुने लाकूड. बाभळीच्या लाकडात लोखंडी खिळा ठोकला की भोवती काळे पडते, हे आपण गाडीच्या साटीला पाहिले आहे. तोच गुण येथे कामाला येतो. लोखंडी कीस व्हिनेगरमध्ये दोन-तीन दिवस ठेवावा. वायू सुटतो, म्हणून झाकण घट्ट लावू नये. कोऱ्या लाकडाला आधी हिरड्याचा किंवा चहाचा काढा लावावा, वर हे पाणी. घटकाभरात फळी करडी-काळी होते.

धूळ. वस्त्रगाळ मुरूम, काळी माती, बगॅसची राख आणि दिव्याची काजळी. चारही नगरी माल!

आता आमची चूक सांगतो. मळीचा, म्हणजे मोलॅसिसचा, रंग पाहून आम्हांला वाटले, तेलकट डागांना याहून बरे काय? दिला हात. मळी हवेतले ओल धरते, ती वाळलीच नाही. सकाळी वाघिणीला मुंग्यांची रांग! पोरगा हसू दाबत होता. सारे धुऊन पुन्हा सुरुवात करावी लागली.

त्यानंतर आम्ही पोराला घेऊन दौंड-मनमाड मार्गावरच्या स्टेशनावर गेलो. हा मार्ग १८७८ सालचा. आजवर याच रुळांवरून आपल्या जिल्ह्याची किती साखर गेली असेल! दोन तास नुसते पाहिले. तेव्हा कळले, की गंज वाटेल तिथे नसतो. पाणी जिथे थांबते तिथे तो धरतो, दाराच्या खालच्या कडेला, सांध्यात, रिव्हेटच्या बुडाशी. तेथून ओघळ सरळ खाली येतात. खालच्या सांगाड्यावर ब्रेकची तपकिरी भुकटी बसलेली असते. चाकाची धाव मात्र चकचकीत, कारण ती रोज घासली जाते. शेतातही पाणी कुठे साचते हे पाहिल्याशिवाय ऊस पिवळा का पडला ते कळत नाही. इथेही तोच न्याय.

घरी येऊन पोराने पुन्हा हात चालवला. या वेळी आबांनी वाघीण उजेडात धरली. बराच वेळ बोलले नाहीत. मग दाराच्या उंबऱ्यावर बोट ठेवले. "हितं रंग नगं. हितं पोती घासायची. आन् ह्या बाजूला हात टेकायचो आम्ही, तिथं तेलकट काळं पायजे."

पोराने उंबरा कानशीने घासून उघडा केला. दाराशेजारी काजळी तेलात कालवून अंगठ्याने लावली. अंगठा मात्र आबांचा होता.

ती खूण कोणत्याच पुस्तकात नव्हती. मालधक्क्यावर राबणाऱ्यांचे फोटो कोणी काढले नाहीत. ज्यांना हे ठाऊक आहे ती माणसे आज ओसरीवर बसून आहेत, आणि विचारले तरच सांगतात.

तेव्हा सभासद बंधूंनो, सुट्टीत मुलांना एखादी वाघीण, बैलगाडी किंवा मोट करायला लावा. जुनेपण आणण्याचे सामान वर दिलेच आहे. पण रंग देण्याआधी घरातल्या थोरल्यांना एकदा विचारा, हात कुठे टेकायचा?