'मला'चा 'आय' होताना

९.३०
पोलादपूरच्या स्टँडवर गाडीची वाट बघताना आज इंग्रजीच्या तासाला कुठल्या वाक्याला मराठी लागेल ते मनाशी ठरवून घेते. बाकीचं टाचण वहीत असतं. शाळेचं गाव कापडे जवळच आहे, पण पावसात तेवढाही रस्ता वेळ खातो.

१०.३०
व्हरांड्यातच परिपाठ. पत्र्यावर पाऊस इतका वाजतोय की प्रतिज्ञा अंदाजानेच चाललीय.

११.००
पहिली-दुसरी एकत्र. इथे मराठीचं काम नाही. 'जंप' म्हणून मी उडी मारते, मुलं मारतात, संपलं. राज्यात २००० सालापासून पहिलीला इंग्रजी आलं. त्याआधी ते पाचवीत भेटायचं. जुन्या पिढीने तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर इंग्रजी घोटलं. त्यांना वाचता यायचं, बोलायची वेळ आली की घसा कोरडा. मग लंबक पार दुसरीकडे गेला : इंग्रजी फक्त इंग्रजीतूनच. दोन्हीत मूल बिचारं गप्पच.

१२.००
तिसरी-चौथी. खरं काम आता. फळ्यावर मराठीत चार वाक्यं लिहिते : मला भूक लागली. मला ताप आहे. मला माहीत आहे. मला आंबा आवडतो. प्रत्येक 'मला'भोवती गोल. इंग्रजीत चारही ठिकाणी 'आय'. हे इंग्रजीतून समजावत बसले तर तास जाईल. मराठीत दोन मिनिटं लागतात. मग मराठी पुसून टाकायची आणि उरलेला तास फक्त तोंडी इंग्रजी. एकमेकांना विचारा, सांगा, नाटक करा, पोट धरून 'आय ॲम हंग्री' म्हणा. वेल्समधल्या सी. जे. डॉडसन यांनी १९६७ साली मांडलेली द्विभाषिक पद्धत साधारण हेच सांगते : अर्थ घरच्या भाषेत द्या, सराव परक्या भाषेत घ्या. मला पुसण्याचा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. फळ्यावर मराठी राहिली की मुलं तिलाच टेकून बसतात.

पण घरची भाषा म्हणजे कुणाच्या घरची? वाडीवरून येणाऱ्या मुलीच्या घरी कातकरी बोलतात. तिला फळ्यावरची मराठीसुद्धा शाळेतच भेटलेली. 'तुमच्यात भूक लागली कसं म्हणतात गं?' विचारलं. आधी लाजली, मग बोलली. मागच्या बाकावर दोघं फिसकन हसले; त्यांनाच ते वाक्य म्हणायला लावलं. त्यांची जीभ अडखळली तेव्हा हसायची पाळी तिची आली. मग तिचा 'आय ॲम हंग्री' सगळ्यांत मोठ्याने.

१.३०
खिचडी. 'मोअर?' 'नो, थँक यू.' इथे भाषांतर कुणाला लागतंय! सांडलं की मात्र ओरडा अस्सल मराठीत.

२.३०
गणित, परिसर अभ्यास, मध्येच ऑनलाइन माहिती भरणं.

४.००
वाचन. मुलं इंग्रजी शब्दाखाली देवनागरीत उच्चार लिहून ठेवतात, ते मी लिहू देत नाही. अर्थ मराठीत लिहा, खुशाल, उच्चार नको. 'वेट' लिहिलं की ओलं कुठलं आणि वजन कुठलं? ऱ्हस्व-दीर्घ 'ए' आपल्या लिपीत वेगळा दिसत नाही, मग कानालाही तो फरक कळेनासा होतो. उच्चार कानाने घ्यायचा.

८.३०
मुंबईहून एका वडिलांचा फोन. इथल्या बऱ्याच घरांतला कर्ता माणूस मुंबईला, पोरं आजी-आजोबांकडे.

"मॅडम, इंग्लिशच्या तासाला तुम्ही मराठी बोलता असं आई सांगत होती."

"बोलते ना. कुठे आणि किती ते ठरवून बोलते. तुम्ही फोनवर त्याला इंग्रजी बोलायला लावा की."

"मला कुठं येतंय?"

"तुम्ही मराठीत विचारा, त्याला इंग्रजीत सांगू दे."

"काय विचारू?"

"भूक लागली का, इथून सुरू करा."