मदतपुस्तिका सगळीकडे उघडावी म्हणून
पवईच्या आयआयटी मुंबईतल्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पाचे मराठी धडे डाउनलोड करून इंटरनेटशिवायही पाहता येतात. घाटकोपरच्या विद्यार्थ्याच्या घरी विंडोज आणि कॉलेजात लिनक्स असेल, तरी धडा अडू नये. सॉफ्टवेअरच्या मदतपुस्तिकेचंही तेच. विंडोजच्या जुन्या सीएचएम या मदत-फाइलला लिनक्सवर वेगळं ॲप लागतं. एचटीएमएल पानं कुठल्याही ब्राउझरमध्ये उघडतात. खरी मेख फायलींच्या नावांत असते. इंग्रजी अक्षर कॅपिटल की स्मॉल, याचा फरक विंडोज सहसा करत नाही. लिनक्स करतं, आणि पानात लिहिलेलं नाव फाइलच्या नावाशी जुळलं नाही, तर पानावरचं चित्र गायब होतं. नावं स्मॉल अक्षरांतच ठेवावीत. मराठी मजकूर मात्र युनिकोडमध्येच हवा. युनिकोड नसलेल्या जुन्या फॉन्टमधला मजकूर तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर निरर्थक चिन्हं होऊन बसतो, आणि मराठी वाचकावर हा अन्यायच आहे.