समुद्रकाठची निवांत सहल

देवगिरीचा किल्ला पाहून वेरूळच्या लेण्यांकडे निघालेला प्रवासी वाटेत खुलताबादेस उतरतो, तो बहुधा घटकाभरच. औरंगजेबाची उघड्या आभाळाखालची साधी कबर पाहावयाची, भद्रा मारुतीचे दर्शन घ्यावयाचे, आणि चालकाने भोंगा वाजविला की पुन्हा गाडीत चढावयाचे. पुढे वेरूळची ३४ लेणी आणि घृष्णेश्वर आटोपून सायंकाळी छत्रपती संभाजीनगरात बीबीका मकबरा गाठावयाचा असतो. अशा प्रवाशाने सर्व काही पाहिलेले असते, आणि तरीही रात्री त्याला विचारले तर कोणते शिल्प कोणत्या लेण्यात होते, हे त्यास धड सांगता येत नाही. खुलताबादकरांना हे दृश्य नित्याचे आहे. धावपळीची सहल कशी असते, हे यजमानाच्या ओट्यावरून पाहावयास मिळणे, ही त्या गावाची एक मोठी शिकवण होय.

आता अशाच एखाद्या पठारावरील गावातील हौशी प्रवासी मंडळाने समुद्रावर जाण्याचे ठरविले, असे समजू. मंडळात वीसेक माणसे आहेत. काही निवृत्त शिक्षक आहेत, काही दुकानदार. चार जोडपी आहेत, दोन वृद्ध आहेत, तीन मुले आहेत. पैकी निम्म्यांनी समुद्र आजवर चित्रातच पाहिलेला. या मंडळींची सहल निवांत व्हावयाची तर ती कशी आखावी? पुष्कळांना असे वाटते की, निवांतपणा म्हणजे आखणीचा अभाव. जमेल तेव्हा उठावे, जमेल तिकडे जावे. अनुभव याच्या उलट आहे. ज्या सहलीत काहीच ठरलेले नसते, तेथे प्रत्येक चौकात वीस मते पडतात आणि अर्धा दिवस वादात जातो. चारपाच गोष्टी घरून निघण्यापूर्वी पक्क्या केल्या म्हणजे उरलेला सगळा वेळ मोकळा राहतो. त्या चारपाच गोष्टी कोणत्या, एवढाच काय तो प्रश्न.

पहिली गोष्ट स्थळाची. खुलताबादकरांनी कोकणात मुरुडची निवड केली तर ती अनेक दृष्टींनी सयुक्तिक ठरेल. खुलताबादच्या परिसरात, प्रवाशांच्या गर्दीपासून अलग, मलिक अंबरची कबर आहे. हबसाणातून गुलाम म्हणून आलेला हा पुरुष निजामशाहीचा कर्ता वजीर झाला. आजचे छत्रपती संभाजीनगर ज्या खडकी गावातून वाढले, ते त्याने १६१० साली वसविले. आणि १६२६ साली तो निवर्तला. मुरुडसमोर समुद्रात उभा असलेला जंजिरा हाही त्याच निजामशाहीच्या चाकरीतील हबशी सरदारांच्या, म्हणजे सिद्दींच्या, हाती आला आणि पुढे १९४८ साली संस्थान विलीन होईपर्यंत त्यांच्याच घराण्याकडे राहिला. ज्यांनी घराजवळची ती कबर पाहिली आहे, त्यांना जंजिऱ्याच्या दरवाजात उभे राहताना आपण सर्वस्वी परक्या मुलखात आलो, असे वाटणार नाही. एकाच इतिहासाचे एक टोक डोंगरावर आणि दुसरे समुद्रात आहे.

परंतु स्थळ ठरले की मोहाला आरंभ होतो. नकाशा उघडताच कोणी म्हणतो, वाटेवर काशीद आहे. कोणी म्हणतो, रेवदंडा आहे. फणसाडचे अभयारण्य जवळच. आणि आगरदांड्याहून तरीत मोटार चढविली की पलीकडे दिघी, तेथून दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर कितीसे लांब? येथेच मंडळाच्या प्रमुखाने नम्रपणे पण ठामपणे नकार द्यावयास हवा. बिऱ्हाड एक असावे, फेरफटके थोडे असावेत. रोज सामान बांधणे आणि रोज सोडणे यात वृद्धांची शक्ती आणि गृहिणींची सुटी दोन्ही संपतात. जी गावे राहिली ती पुढच्या वर्षाची शिल्लक समजावी.

दुसरी गोष्ट दिवसांची. खुलताबाद ते मुरुड हे अंतर चारशे किलोमीटरांहून अधिक आहे, आणि शेवटचा टप्पा घाटाचा. ते एका दिवसात कापता येते. पण ते कापून पोहोचलेला मनुष्य दुसरा दिवस अंथरुणात काढतो. तेव्हा पुण्यास मुक्काम करावा, दुसऱ्या दिवशी ताम्हिणी घाटाने माणगावकडे उतरावे आणि उन्हे कलण्याच्या सुमारास किनारा गाठावा. येताना हाच क्रम. सात दिवसांच्या सहलीत अशा रीतीने चार रात्री आणि तीन पूर्ण दिवस समुद्राकाठी मिळतात. शनिवारी निघाले तर रविवारी सायंकाळी, म्हणजे मुंबई-पुण्याची गर्दी परतीला लागलेली असताना, मंडळ मुरुडास पोहोचते. आणि सोमवार ते बुधवार किनारा बराच मोकळा असतो. ऋतू म्हणाल तर दिवाळीची झुंबड ओसरल्यापासून फेब्रुवारीपर्यंतचा उत्तम. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो आणि जंजिऱ्याची होडीवाहतूकही बंद असते.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची, आणि पठारावरील मनुष्याला ती कोणी सांगितल्यावाचून सुचत नाही. समुद्राला स्वतःचे वेळापत्रक आहे. भरती आणि ओहोटी दिवसातून प्रत्येकी दोनदा होते. आणि चंद्र ज्याप्रमाणे रोज सुमारे ५० मिनिटे उशिरा उगवतो, त्याप्रमाणे भरतीही रोज तितकीच मागे सरकते. म्हणून सहलीची तारीख ठरविताना दिनदर्शिकेतील रविवार जसा पाहावयाचा, तशी तिथीही पाहावयाची. मुंबई-रायगडच्या किनाऱ्यावर एक जुना हिशेब चालत आलेला आहे. तिथीचा आकडा घ्यावा आणि त्याची पाऊणपट करावी. जे उत्तर येईल, तितक्या वाजण्याच्या सुमारास पूर्ण भरती. चतुर्थीची पाऊणपट तीन, म्हणून दुपारी तीनला आणि पहाटे तीनला भरती. त्यापासून सुमारे सहा तासांनी, म्हणजे नऊला, ओहोटी. अष्टमीला भरती सहाला, ओहोटी बाराला. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. तेव्हा ओहोटी सायंकाळी सव्वापाचच्या आगेमागे. शुद्ध पक्ष असो वा वद्य, रीत एकच. हा हिशेब अर्थात ढोबळ आहे. नेमकी वेळ हवी असल्यास सर्व्हे ऑफ इंडिया दरवर्षी भरती-ओहोटीची कोष्टके प्रसिद्ध करते. आणि मुरुडास पोहोचल्यावर तेथील कोळ्यांना विचारणे केव्हाही श्रेयस्कर.

वेळेइतकेच पाण्याच्या जोराचेही महत्त्व आहे. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास सूर्य आणि चंद्र यांचे आकर्षण एका रेषेत येते. पाणी पुष्कळ वर चढते आणि पुष्कळ खाली जाते. यास उधाण म्हणतात. अष्टमीच्या सुमारास ती आकर्षणे परस्परांना छेद देतात, पाण्याची चढउतार कमी होते. यास कोकणात भांग म्हणतात. आता मंडळास काय हवे, ते पाहावे. पौर्णिमेच्या आसपास गेल्यास सूर्यास्ताच्या वेळी पाणी दूर गेलेले, ओली घट्ट वाळू लांबवर उघडी पडलेली, आणि थोड्याच वेळात पूर्वेस चंद्र. फिरणाऱ्यांना याहून अधिक सुख नाही. मऊ कोरड्या वाळूत ज्यांचे गुडघे दुखतात, त्या वृद्धांनाही ही घट्ट वाळू मानवते. उलट ज्यांना पाण्यात खेळावयाचे आहे, त्यांना अष्टमीचा आठवडा बरा. तेव्हा पाण्याचा जोर कमी असतो, आणि दुपारी बारानंतर भरती चढत असल्याने चारच्या सुमारास पाणी किनाऱ्याकडे येत असते, बाहेर जात नसते.

हा शेवटचा मुद्दा जिवाशी गाठ असलेला आहे. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरुडच्याच किनाऱ्यावर पुण्याहून सहलीस आलेल्या एका महाविद्यालयाचे चौदा विद्यार्थी बुडून मरण पावले. तरुण, धडधाकट मुले. हवा स्वच्छ, दिवस भर दुपारचा. समुद्राचे भय वादळात असते, अशी पठारावरील माणसाची समजूत असते. ती सोडून द्यावयास हवी. लाटांनी किनाऱ्यावर आणलेले पाणी कोठून तरी परत जावयाचेच, आणि ते पुष्कळदा एखाद्या अरुंद पट्ट्यातून वेगाने आत ओढले जाते. त्या पट्ट्यात लाटा कमी फुटतात, पाणी गडद व शांत दिसते, आणि नवखा मनुष्य तेच ठिकाण सुरक्षित समजून निवडतो. पायाखालची वाळू सरकते, आणि तो उभा राहू शकत नाही. अशा ओढीत सापडलेल्याने किनाऱ्याच्या दिशेने झुंजू नये; त्यात दम संपतो. पोहता येत असेल तर किनाऱ्याला समांतर पोहून पट्ट्याबाहेर यावे, आणि मग वळावे. पोहता येत नसेल तर तरंगत राहून हात वर करून मदत मागावी. किनाऱ्यावरील माणसांनी एकामागून एक उड्या टाकू नयेत. दोर, फळी, रिकामा डबा, तरंगेल ते फेकावे आणि कोळ्यांना हाक द्यावी.

म्हणून मंडळाने आपले नियम घरीच ठरवावेत, आणि ते थोडे असावेत. ओहोटीचे पाणी बाहेर जात असताना कोणीही पाण्यात जावयाचे नाही. गुडघ्यापलीकडे जावयाचे नाही, मग पोहण्याचा अभिमान कितीही असो. गावच्या विहिरीत पोहणे वेगळे आणि समुद्रात पोहणे वेगळे. प्रत्येकाला एक जोडीदार नेमून द्यावा, आणि जोडीदार दिसत नाही असे म्हणताच सर्वांनी बाहेर यावे. मद्य घेतलेल्यास पाणी वर्ज्य. अंधार पडल्यावर पाणी सर्वांनाच वर्ज्य. आणि एका व्यक्तीस, मग ती स्त्री असो वा पुरुष, ‘आता बाहेर या’ असे सांगण्याचा अधिकार असावा. तिच्याशी वाद बिऱ्हाडी येऊन करावा. हे नियम निवांतपणाच्या आड येतील, असे कोणास वाटेल. वस्तुतः ज्या मातेला मुले कोठे आहेत याची चिंता नाही, तीच डोळे मिटून लाटांचा आवाज ऐकू शकते.

चौथी गोष्ट दिनक्रमाची. एका दिवसाला ठरलेला कार्यक्रम एकच असावा. एके दिवशी राजपुरीच्या धक्क्यावरून शिडाच्या होडीने जंजिरा पाहावा. तोही सकाळी, ऊन चढण्यापूर्वी. १६८२ च्या सुमारास संभाजी महाराजांनी किनाऱ्यापासून किल्ल्यापर्यंत समुद्रात भराव टाकण्याचा उद्योग आरंभिला होता, ही कथा होडीत बसल्यावर सांगावी. मधले पाणी डोळ्यांसमोर असले म्हणजे त्या साहसाचे माप कळते. ज्यांना होडीत चढणे-उतरणे कठीण वाटते, त्यांना आग्रह करू नये; किल्ला धक्क्यावरूनही उत्तम दिसतो. दुसरे दिवशी सकाळी मासे उतरविण्याची वेळ पाहावी. तिसरा दिवस कोराच ठेवावा. चालण्याची गती सर्वांत हळू चालणाऱ्याची असावी. घाई असलेल्यांनी पुढे जाऊन परत यावे. मागे राहिलेल्यास मात्र आपल्यामुळे सारे खोळंबले, असे वाटू देऊ नये.

जेवणाचा विचार येथेच करावयास हवा. खुलताबादेसारख्या गावच्या मंडळात हिंदू असतात, मुसलमान असतात. कोणी मासे आवडीने खातो, कोणास त्यांचा वास सोसत नाही. कोणाची संकष्टी असते आणि चंद्रोदयाखेरीज पान वाढावयाचे नसते. कोणास नमाजाची वेळ सांभाळावयाची असते. ही यादी निघण्यापूर्वी करून बिऱ्हाडाच्या यजमानास कळवावी. शाकाहारी स्वयंपाकाची भांडी निराळी हवीत, मांस हलाल हवे, हे आयत्या वेळी सांगितले म्हणजे ती अडचण ठरते. आठवडाभर आधी कळविले म्हणजे ती केवळ व्यवस्था असते. किनाऱ्यावरील दमट हवेत घाम पुष्कळ येतो आणि तहान लागल्याचे लवकर ध्यानात येत नाही. यासाठी पाणी, ताक, नारळ यांची सोय दिवसभर असावी.

पाचवी गोष्ट पैशाची. वर्गणी एकदाच, पुरेशी आणि आगाऊ घ्यावी, आणि अडीअडचणीसाठी तीत एक दशांश अधिक धरावा. रोज संध्याकाळी नाणी मोजत बसणारे मंडळ निवांत राहू शकत नाही. बस, बिऱ्हाड, जेवण आणि होडी हा सर्वांचा समाईक खर्च. खरेदी आणि खाऊ ज्याचा त्याचा. ज्याला वर्गणी जड जाईल, त्याने चारचौघांत सांगण्याची पाळी येऊ नये. त्याची सवलत प्रमुख आणि खजिनदार या दोघांतच राहावी. परतल्यावर आठवड्याच्या आत लेखी हिशेब द्यावा आणि उरलेली रक्कम परत करावी. पुढच्या वर्षीची सहल याच कागदावर अवलंबून असते.

एवढे पक्के केल्यावर बाकीचे समुद्रावर सोपवावे. पठारावरच्या माणसाला पाणी म्हणजे विहिरीचे, तलावाचे किंवा टँकरचे. ते मोजून वापरावयाची त्याला पिढ्यान्‌पिढ्यांची सवय. क्षितिजापर्यंत पाणीच पाणी पाहून तो प्रथम गप्प होतो. ते गप्प बसणे मोडून त्याला पुढच्या स्थळाकडे हाकलू नये. आणि घरी परतल्यावर खुलताबादेच्या रस्त्यावर एखादी घाईची मोटार थांबली, तर त्या पाहुण्यांना ओट्यावर बसवून पाणी द्यावे आणि मलिक अंबरच्या कबरीची वाट दाखवावी. कदाचित त्यांतील एखादा त्या दिवशी वेरूळ उद्यावर टाकील.