परकायाप्रवेश आणि परीक्षा

विद्यार्थ्यानें पाठ घडाघड म्हणून दाखविला म्हणजे तो त्यास समजला, असें मानण्याची आपल्याकडील रूढि फार जुनी आहे. परंतु पाठांतर हें स्मृतीचें काम; बोध ही निराळीच वस्तु. ती पारखावयाची कशी, हा शिक्षकापुढील खरा कूटप्रश्न होय. त्यावर एक उपाय असा कीं, विद्यार्थ्यास घटकाभर परकायाप्रवेश करावयास लावावें व त्या भूमिकेंतून त्याजकडून लिहवून घ्यावें.

उदाहरण मीरा-भाईंदरचेंच घेऊं. येथील मिठागरें सर्वांच्या परिचयाचीं आहेत. ‘मीठ कसें तयार करतात?’ असें विचारल्यास पुस्तकांतील चार वाक्यें बिनचूक उतरतील. त्याऐवजीं असें सांगावें: ‘तूं मिठागरांतील जुना कामगार आहेस. नव्यानें कामास येणाऱ्या पुतण्यास पत्र लिही व काय करावें, काय टाळावें, तें कारणांसह समजावून सांग.’ आतां ठरीव वाक्यें उपयोगीं पडत नाहींत. एक लिटर समुद्रजलांत क्षार सुमारें 35 ग्रॅमच, म्हणून उथळ वाफे व भरपूर ऊन हवें. मीठ जमल्यावर उरणाऱ्या पाण्यांत मॅग्नेशियमचे कडू क्षार राहतात, म्हणून तें काढून टाकावें. अवकाळीं पाऊस आल्यास जमलेलें मीठ पुन्हा विरघळतें. हा कार्यकारणभाव ज्यास उमगला, त्यासच तें पत्र साधेल.

अशा प्रश्नाचीं अंगें चार: लिहिणारा कोण, कोणास, कोणत्या रूपांत व कशाविषयीं. आपल्या परंपरेस ही रीत परकी नाहीं. मेघदूतांत कालिदासानें यक्षाच्या मुखानें मेघास रामगिरीपासून अलकेपर्यंतचा मार्ग सांगितला. काव्य विरहाचें, परंतु विदिशा-उज्जयिनीचा भूगोल त्यांत सहज आला.

2009 च्या शिक्षणहक्क कायद्यानें सर्वंकष व सातत्यपूर्ण मूल्यमापन सांगितलें; 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेंही घोकंपट्टीपेक्षां आकलनाच्या परीक्षेवर भर दिला. दहावीच्या मराठीच्या परीक्षेंत आत्मकथन व विद्यार्थी-प्रतिनिधीच्या नात्यानें लिहावयाचीं पत्रें असतातच. मात्र बाजारांतील मार्गदर्शकांत वृक्षाचीं व नदीचीं तयार मनोगतें मिळूं लागलीं, आणि भूमिकाही पाठांतराचा विषय झाली! म्हणून भूमिका शिकविलेल्या विषयाशीं व आपल्या गांवाशीं जोडलेली हवी, आणि लेखन वर्गांतच व्हावें.

दुसरा धोका याहून नाजूक आहे. भाषा नटवी असली कीं परीक्षक भुलतो, आणि ज्याच्या घरीं गुजराती वा हिंदी बोलतात, अशा समजूतदार मुलावर अन्याय होतो. या शहरांत तर अशीं मुलें पुष्कळ. यास्तव दहा गुणांपैकीं सहा विषयज्ञानास, दोन भूमिकेच्या औचित्यास व दोनच भाषेस ठेवावे आणि ही वांटणी मुलांस आधींच सांगावी. पाढे, व्याख्या, सनावळी यांस मात्र सरळ प्रश्नच बरा. तेथें भूमिकेचें अवडंबर नको.

एकत्र कुटुंबांत तर हा प्रयोग विनासायास होण्याजोगा आहे. सायंकाळीं आजोबांनीं पुतण्याची भूमिका घ्यावी, नातवाचें पत्र मोठ्यानें वाचावें आणि अडेल तेथें ‘असें कां?’ एवढेंच विचारावें. नातवाचें उत्तर कोठें थांबतें, तें पाहावें. उद्यांचा अभ्यास तेथूनच सुरू करावा.